जीपमध्ये बिघडलेलं रक्त

रुचिता मगदूम कोल्हापुरातल्या एका खासगी संशोधन संस्थेत जीवरसायनाचं काम करायची. माणूस विसरायला लागतो त्याच्या कितीतरी आधी मेंदूत पडझड सुरू झालेली असते, आणि तिची काही ना काही खूण रक्तात उतरत असणार, असं तिला पहिल्यापासून वाटायचं. ती खूण सापडली तर आजार वेळेत ओळखता येईल, एवढ्या एका आशेवर तिनं लग्न लांबवलं, पुण्याची नोकरी नाकारली आणि चाळिशी गाठली.

आणि खूण सापडलीही. पेशीभोवतीचा मेदाचा पडदा कातरणारं एक एन्झाइम असतं. ते जास्त चाललं की मेदाचे तुकडे रक्तात वाढतात. संस्थेत मास स्पेक्ट्रोमीटर होता. रेणूंचं वजन करणाऱ्या या यंत्रावर ते तुकडे मोजता येत. अल्झायमर झालेल्यांच्या रक्तात ते निरोगी माणसांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. शोधनिबंध परदेशात छापून आला, वर्तमानपत्रांत फोटो आले, संस्थेचे संचालक राजवर्धन सर प्रत्येक पाहुण्याला आधी तिच्या प्रयोगशाळेत घेऊन यायचे. तिचे वडील बापूसो शिरोळकडच्या गावातून मुद्दाम आले आणि त्या यंत्रासमोर देवळात उभं राहावं तसे हात जोडून उभे राहिले.

तिचे बहुतेक रुग्ण भुदरगड तालुक्यातले होते. तिथं एकदा मोठी तपासणी झाली होती, त्यातून ते मिळाले. म्हाताऱ्या, भांबावलेल्या माणसांना कोल्हापूरपर्यंत आणणं अवघड, म्हणून संस्थेची जीप गावोगाव फिरायची. परिचारिका घरी जाऊन रक्त काढायची, ड्रायव्हर कृष्णात बर्फाच्या डब्यात घालून ते शहरात आणायचा. निरोगी मंडळी मात्र शहरातली, सकाळी बागेत फिरायला येणारी. ती फिरणं झालं की थेट प्रयोगशाळेत येऊन रक्त देऊन जायची.

या रुग्णांतल्या चिमणाबाई रुचिताच्या विशेष ओळखीच्या झाल्या, त्या त्यांच्या नवऱ्यामुळं. गणपतराव गारगोटीजवळचे शेतकरी, दोन म्हशी, थोडा ऊस, मुलगा नोकरीला परगावी. सुरुवातीला रुचिता स्वतः जीपमधून जायची तेव्हा ते तिला चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. हे औषध नाही, फक्त तपासणी आहे, असं तिनं त्यांना परोपरीनं समजावलं होतं. ते मान हलवायचे, आणि जीप निघताना हळूच विचारायचे, हिला गुण कधी यायचा?

त्या वर्षी उन्हाळ्यात गणपतरावांच्या पुतणीचं लग्न कोल्हापुरात होतं. चिमणाबाईंना घेऊन ते आले आणि आलोच आहोत तर रक्त देऊन जाऊ, म्हणून संस्थेतही आले. प्रयोगशाळेतल्या मोनानं रक्त काढलं आणि लगेच पुढच्या कामाला घेतलं. आठवड्यानं आकडे आले तेव्हा रुचिता खुर्चीतून उठूनच उभी राहिली. चिमणाबाईंच्या रक्तातले तुकडे निम्म्यावर आले होते. आजारानं माघार घेतल्याचं तिनं आजवर कुठं पाहिलं नव्हतं, वाचलं नव्हतं.

रुग्णांना निकाल सांगायचा नाही, असा संस्थेचा नियम होता. तो तिनंच घातला होता. त्या दुपारी तिनं गणपतरावांना फोन केला आणि म्हणाली, "मामा, मामींचं रक्त सुधारलंय."

ते म्हणाले की नृसिंहवाडीला दत्ताला नवस बोललो होतो, आता जाऊन येतो.

त्याच महिन्यात पुण्याच्या एका गटाचं पत्र आलं. तिची खूण त्यांना त्यांच्या रुग्णांत सापडत नव्हती. रुचितानं आधी त्यांच्यात चूक शोधली. यंत्र वेगळं असेल, रसायनं वेगळी असतील. पण पत्राच्या शेवटी त्यांनी साधा प्रश्न विचारला होता, रक्त काढल्यापासून ते यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या करेपर्यंत किती वेळ जातो? तो वाचला आणि तिला जीप आठवली. पेशी वेगळ्या होईपर्यंत एन्झाइम नळीतही कातरत राहतं, हे तिला ठाऊक होतं. डबा गार असतो, एवढ्यावर तिनं ते सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मोनाला स्वतःचं रक्त काढायला लावलं. अर्ध्या नळ्या लगेच फिरवल्या. उरलेल्या कृष्णातच्या डब्यात घालून त्याला नेहमीच्या वाटेनं पाठवलं, मुदाळ तिट्ट्यावरून गारगोटी, तिथून वाड्यावस्त्या, आणि परत. संध्याकाळी डबा आला. बर्फाचं पाणी झालेलं होतं. रोजच होत असावं. कुणी कधी झाकण उघडून पाहिलं नव्हतं, तिनंही नाही.

यंत्रानं दोन्ही रक्तांची वजनं मांडली. लगेच फिरवलेलं रक्त निरोगी माणसाचं होतं. जीपमधून फिरून आलेलं रक्त अल्झायमरच्या रुग्णाचं होतं. दोन्ही तिचीच होती.

मोनानं नळ्या उचलल्या आणि धुवायला घेऊन गेली.

राजवर्धन सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मार्चपर्यंत अनुदान आहे, तोवर थांब, निबंध काही पळून जात नाही, असं ते म्हणाले. रुचितानं त्याच रात्री नियतकालिकाला कळवलं की निबंध मागं घ्यावा. मग उरलं होतं गणपतरावांना सांगणं. ते फोनवर सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं.

ती गेली तेव्हा गणपतराव सोप्यात, पुढच्या ओसरीवर बसले होते आणि आत कॉटवर चिमणाबाई पडून होत्या. दोन आठवड्यांपूर्वी दुपारी त्या एकट्याच घराबाहेर पडल्या होत्या. ओढ्याकडच्या उतारावर पडल्या, खुबा मोडला. डॉक्टरांनी ऑपरेशन झेपणार नाही म्हणून सांगितलं होतं. एरवी देखभालीला त्यांची नणंद धोंडुबाई येऊन राहिलेली असायची, पण तिला गणपतरावांनीच महिन्याभरापूर्वी तिच्या घरी पाठवून दिलं होतं.

रुचिता कॉटजवळ गेली. गणपतराव तिच्यामागं आत आले, तशी चिमणाबाईंनी त्यांच्याकडं पाहून पदर सावरला.

"पावणं, उभं का? बसा की. आमचं मालक येतील आता मळ्यातनं."

"येतील की," गणपतराव म्हणाले आणि पायाशी टेकले.

रुचितानं सोप्यात येऊन सगळं सांगितलं. बर्फाचा डबा, वाटेतला वेळ, आपलं स्वतःचं रक्त. सांगताना तिला आपले शब्द परक्याचे वाटत होते. गणपतरावांनी मध्ये एकदाच विचारलं.

"म्हंजे रक्त सुधारलंच न्हवतं?"

"नाही, मामा. आधी बिघडलेलं दिसायचं तेही वाटेत बिघडायचं. त्यातनं आजाराचं काहीच कळत नव्हतं."

त्यांनी दाराच्या कडीकडं पाहिलं.

"धोंडुबाई घरात नसली, की मळ्यात जाताना भायेरनं कडी घालून जायचो मी," ते म्हणाले. "जनावर कोंडल्यागत वाटायचं. जीव तुटायचा. तुमी फोनवर सांगितलासा, सुधारलंय म्हणून. तवापास्नं कडी घातली न्हाय."

रुचिताला माफी मागायची होती. ती वाक्य जुळवत होती, तेवढ्यात ते उठले.

"तुमी जावा आता, ताई. धारा काढायच्या हायत."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिला परतीच्या वाटेवर वाटत राहिलं.

निबंध मागं घेतला गेला. मार्चनंतर अनुदान आलं नाही. राजवर्धन सर आता पाहुण्यांना दुसऱ्या मजल्यावर न्यायचे. रुचितानं उरलेल्या सामानावर काम नव्यानं मांडलं. रक्त फिरवायचं यंत्र जीपमध्ये बसवलं, रुग्णाच्या दारातच पेशी वेगळ्या करायला लागली. आकडे यायला लागले. आजारी आणि निरोगी, दोन्हींचे आलेखावरचे ठिपके एकमेकांत मिसळून एकच ढग व्हायचा. त्यात कुठं रेघ मारावी, असं काहीच दिसत नव्हतं.

चिमणाबाई पुढच्या पावसाळ्यात गेल्या. पडून पडून अंगावर जखमा झाल्या, त्यातून ताप आला. ही बातमी रुचिताला गावातल्या परिचारिकेकडून उशिरा कळली. तिनं गणपतरावांना फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. काही दिवसांनी पुन्हा केला तेव्हा उचलला. पाऊस कसा आहे, असं तिनं विचारलं. भाताची रोपलागण उरकली, त्यांनी सांगितलं, यंदा गडी मिळायची लई मारामार. एक म्हैस विकली म्हणाले, दोन्हींचं एकट्याला झेपत न्हाय.

म्हशीचे किती आले, असं तिनं विचारलं, ते त्यांनी सांगितलं. शेवटी गणपतराव "बरं, ठेवतो," म्हणाले, आणि फोन बंद झाला.