पहिल्या पंगतीतला पाट

यादोरावांना अकरा वर्षांनी घरचं लग्न मिळालं होतं. मधली सगळी लग्नं त्यांनी परदेशातून तारा पाठवून साजरी केली. १९७९च्या वैशाखात ऑस्लोच्या वकिलातीतून रजा काढून ते एकोडीला आले, ते एकच हौस धरून: पुतणीच्या लग्नात घरच्यासारखं राबायचं.

पण राबू कोण देतो! थोरले भाऊ पुंडलिकराव त्यांना खुर्चीवरून उठू देईनात. तहान लागायच्या आधी पाणी हजर. मांडवावर जांभळाच्या डहाळ्या टाकायला हात लावला, तर चौघांनी धावत येऊन डहाळी काढून घेतली. "तुमी बसा जी साहेब," म्हणे. ऑस्लोतही लोक त्यांच्याशी असेच अदबीनं वागत, पण तिथं ती नोकरी होती. इथं आपल्याच घरी पाहुणा होऊन बसल्यावर त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

हळदीच्या दिवशी दुपारी पळसाच्या पत्रावळी मांडल्या, आणि घरचे दोन्ही जावई, यादोरावांच्या बहिणींचे नवरे टिकाराम आणि केशवराव, मांडवाबाहेर चिंचेखाली तोंड फिरवून बसले. काही केल्या उठेनात. जावई रुसला नाही तर लग्नाला चव ती काय? पण दोघं एकाच वेळी रुसले म्हणजे पंचाईत. भात निवत चालला, आणि ते बसल्याशिवाय पंगतीत कोणी बसणार नव्हतं.

यादोरावांच्या अंगात बळ संचारलं. हे तर त्यांचंच काम! कोणत्या राजदूताला कोणाच्या उजवीकडे बसवायचं, यातच त्यांची निम्मी नोकरी गेली होती. लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी नकाशा काढला. आधी जावई झाला त्याला वरची जागा, दुसऱ्याचं तोंड देवघराकडे, म्हणजे मान सारखाच. पत्रिका घेऊन ते ऐटीत चिंचेखाली गेले.

टिकारामांनी ती उलटी धरून पाहिली. "हे काय होय? वावराचा नकाशा?"

"तुम्हा दोघांच्या जागा, भाऊजी. आता वाद मिटला."

"आमच्यात वाद हाय म्हून कोन म्हनते?"

केशवरावांनी मांडवाकडे बोट दाखवलं. "यादोराव, पयल्या पाटावर कोन बसनार हाय, ते पाहा ना."

यादोरावांनी वळून पाहिलं. पहिल्या पाटाभोवती रांगोळी, शेजारी लखलखीत पितळी तांब्या, आणि पाटावर त्यांचाच टॉवेल. पुंडलिकरावांनी मोठ्या कौतुकानं तो पाट धाकट्या भावासाठी राखला होता.

"बाकीचे साळे वाढून राहिले," केशवराव म्हणाले, "अन् तुमी जावयाच्या वरतं बसून जेवनार. घरचा मानूस असा कधी जेवते का?"

यादोरावांना हसू आवरेना. देशोदेशीच्या लोकांचे मान सांभाळले, आणि या रुसव्याचं मूळ आपणच आहोत, हे कळलं नाही! पण हसता हसता त्यांचा ऊर भरून आला. सगळ्या मांडवात या दोघांनीच त्यांना घरचा धरलं होतं.

ते तडक पाटाकडे गेले. टॉवेल उचलून कमरेला गुंडाळला आणि केशरवहिनींच्या हातून वरणाची बादली घेतली. पुंडलिकराव हादरले. "अगा, लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, लहान भाऊ वाढून राहिला."

जावई उठले. "तुमी बसा पयले", "नाही, तुमी बसा" करत एकदाचे बसले, आणि मग त्यांनी हिशेब चुकता केला. टिकारामांनी पाच वेळा वरण मागितलं. "साळेबुवा, इकडं!" यादोराव पळत होते, घामानं निथळत होते, पँटीवर वरणाचे ओघळ मिरवत होते.

तिसऱ्या पंगतीला हात भरून आले आणि वरणाची धार पत्रावळ सोडून एका पाहुण्याच्या धोतरावर गेली. पुंडलिकरावांचा तोल सुटला. "आंधळा झाला का बे यादो? वाढता येत नाही तं कायले बादली धरली? जा, आलूवांग्याची भाजी आन!"

सगळ्या पंगतीच्या माना वळल्या. पुंडलिकरावांनी जीभ चावली.

"आनतो दादा," म्हणत यादोराव चुलीकडे धावले.

केशरवहिनी भाजीचं पातेलं उतरवत होत्या. त्यांनी दिराकडे पाहिलं. "काहून हासून राहिले जी?"

"दादा रागावला मले," यादोराव म्हणाले. "साऱ्याइच्या समोर!"