पुस्तकातून बेतलेला जोडा

आमच्या दुकानात बायकांच्या अंगाला टेप लावत नाहीत. बाई घरून नीट बसणारा जुना कपडा आणते आणि माझे यजमान, दाऊद मास्तर, त्यावरून नवा बेततात. जव्हारच्या बाजारपेठेत हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून बांगडीवाल्या शरीफभाईंच्या रुकसानानं निकाहच्या जोड्यासाठी, म्हणजे नवरीच्या पोशाखासाठी, मशीनवर पुस्तक आणून ठेवलं, तेव्हा मास्तरांनी ते उचलून खाली बघितलं. कपडा कुठे आहे म्हणून.

"हाच नमुना, चाचा," ती म्हणाली. "मला असा जोडा पाहिजे."

वाचनालयातली कादंबरी होती. मुखपृष्ठ कधीच गळून गेलेलं, आत चित्र एकही नाही. रुकसानानं दुमडलेलं पान उघडलं आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. "तो पोशाख घालून ती दारात उभी राहिली. संध्याकाळी डोंगरावर जो उजेड रेंगाळतो, तो तिच्या अंगभर होता. दिवाणखान्यातली कुजबुज थांबली."

मास्तरांनी नीट ऐकून घेतलं. "उजेड," ते म्हणाले. "किती वार लागेल?"

"चाचा!"

"बरं, हिरवा कुठे मिळतो ते बघतो."

"हिरवा? गुलाबी आहे तो!"

"आत्ता तू हिरवा वाचलास ना?"

मी काज करत होते, पण आता मला राहवेना. जांभळा होता तो. खाली बोटभर जरीची किनार होती, मी डोळ्यांनी बघितलेली. तिघांनी पानावर डोकी घातली. रंगाचं नाव नाही, जरीचा पत्ता नाही. मास्तरांनी पान उलटून मागची बाजूही बघितली, अस्तर बघावं तशी.

मला त्या लेखकाचा भारी राग आला. स्वतः सुताचा एक धागा खर्च केला नाही आणि आम्हा तिघांत भांडण लावून दिलं! असा माणूस शिवणकामात असता तर उपाशी मेला असता.

"अगं, साधा गुलाबी शिवू," मी रुकसानाला म्हटलं. "पुस्तक कशाला मधे?"

तिचा चेहरा पडला. "चाची, आम्ही पाच बहिणी. आमच्या घरात मी तोंड उघडलं की कुणाला तरी पातेलं शोधायचं आठवतं. मी दारात येईन आणि सगळ्या गप्प होतील, एवढंच पाहिजे मला. एकदाच."

मला तिची फार दया आली. पण जव्हारच्या बायका लग्नघरात गप्प बसतील असं कापड भिवंडीच्या कुठल्याही मागावर निघत नाही. ते मी तिला सांगितलं नाही.

शिवाय खरी अडचण वेगळीच होती. निकाहचा जोडा आमच्यात नवऱ्याकडून येतो. दुसऱ्याच दिवशी मोखाड्याच्या एसटीतून तिची होणारी सासू मदीनाखाला उतरली, बगलेत लालभडक रेशमी कापड. पुस्तकाची बातमी तिला बाजारातच लागली होती. आमच्याकडे बातमीला एसटीची वाट बघावी लागत नाही.

"जोडा आमच्या घरचा आणि पसंती किताबाची?" ती दारातूनच कडाडली. "बोलवा पोरीला. काय लिहिलंय ते मला पण ऐकू द्या."

रुकसाना आली. पुस्तक उघडलं, पण दुमडलेलं पान तिला सापडेना. हे लग्न आता मोडतं, असं मला वाटलं. मास्तरांनी तर मशीनमागे जाऊन बॉबिन भरायला घेतली. भरलेलीच होती ती.

रुकसानानं वाचलं. खाला दारातून आत आली.

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. खाला बाकावर बसली. तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा परतीची गाडी निघून गेली होती आणि खाला पदरानं नाक पुसत होती.

"माझ्या निकाहात माझ्या अंगावर जावेचा जोडा होता," ती म्हणाली. "मागून टाचून दिलेला. मी आले तेव्हा सगळ्या जेवणाचं बोलत होत्या." मग एकदम सावरून म्हणाली, "बरोबर आहे किताब. लालच लिहिलंय. हेच कापड."

मास्तरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"बेटी, तुला गुलाबी पाहिजे ना?" खालानं विचारलं.

रुकसाना खाली बघत म्हणाली, "रंग कुठलाही चालेल, खाला. मला ते शेवटचं वाक्य पाहिजे."

मास्तरांनी लाल जोडा शिवला. जीव ओतून शिवला. पण वाक्य कसं शिवणार?

निकाहच्या दिवशी बायकांच्या खोलीत नुसता गलका. कुणी पान लावतंय, कुणी मोखाड्याहून जीपमध्ये कसे कोंबून आलो ते सांगतंय. मी रुकसानाला हाताला धरून दारात आणलं. एक मान वळली नाही. तिच्या बहिणीच सगळ्यांत मोठ्यानं बोलत होत्या. ती पाऊल मागे घ्यायला लागली.

तेवढ्यात मदीनाखाला खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून गरजली, "चूप! सगळ्या एकदम चूप! किताबात लिहिलंय!"

छापलेल्या शब्दापुढे आणि नवऱ्याच्या आईपुढे कोण बोलणार? खोली गपगार झाली. तोंडातलं पान चावायचंही बायका थांबल्या. सगळ्यांनी दाराकडे बघितलं आणि बघतच राहिल्या. खाला तर सगळ्यांत जास्त बघत होती. तिचे हात खाली यायचंच विसरले होते.

"चाची," रुकसाना ओढणीतून पुटपुटली, "कुजबुज थांबली ना?"

"थांबली गं," मी म्हटलं.

"मग यांना म्हणावं, अजून थोडा वेळ गप्प बसा."