बोदिलच्या यंत्रातल्या मुंग्या

गुरुवारी दुपारी माझ्या शेजारणीच्या, बोदिलच्या दाराबाहेर बुटांचे अकरा जोड होते. आत स्वयंपाकघरात माणसं अनवाणी रांगेत उभी. प्रत्येकाने ओला हात भांडी धुण्याच्या नव्या यंत्राच्या स्टीलच्या दारावर ठेवायचा, दुसरा नळाला लावायचा आणि डोळे मिटायचे.

"आल्या मुंग्या," मेटा म्हणाली. "कोपरापर्यंत आल्या बघा."

तिच्या बाजूला पाणाड्या एइविन विलोच्या झाडाची दुबेळकी काटकी धरून उभा होता. "या घराखाली जिवंत झरा आहे. त्याची शक्ती फरशीतून वर येते आणि स्टीलमध्ये साठते. मन स्वच्छ असेल त्यालाच ती लाभते."

"सिंकही स्टीलचं आहे. त्यात का नाही साठत?" मी विचारलं.

"सिंकमधून ती वाहून जाते."

"अगं थोरा, तुझ्याकडे कोणी येईनासं झालं म्हणून पोटात दुखतंय तुझ्या," मेटा म्हणाली. सगळे हसले.

ते खरंच होतं. चाळीस वर्षं गुरुवारची कॉफी माझ्याकडे असायची. मी सात प्रकारचे केक करायची. आता माझे केक मीच खात होते, आणि बोदिल, जिला साधा स्पंजही धड जमत नाही, ती लोकांना बाजारची बिस्किटं वाटत होती. तिच्या खिडकीतलं हसणं माझ्या खिडकीत ऐकू यायचं. मी पडदा ओढून घ्यायची.

मी शाळेत विज्ञान शिकवलंय. पहिल्याच दिवशी यंत्राच्या दाराला हात लावल्यावर मला मुंग्यांचं खरं कारण कळलं होतं. तरी मी बोलले नाही. म्हटलं, भरू दे दरबार. तिची फजिती व्हायची तर भरल्या घरात होऊ दे.

पण त्या गुरुवारी एइविन बोदिलला म्हणाला, "तुझं हृदय अशक्त आहे ना? रोज सकाळी आंघोळ करून ओल्या अंगानेच दहा मिनिटं यंत्र आणि नळ धरून उभी राहा."

"आठवडाभर मी आपणहून तेच तर करतेय," बोदिल म्हणाली.

मी सरळ पुढे झाले आणि सिंकखालचा प्लग उपटला.

"आता लाव हात, मेटा."

मेटाने लावला. "काहीच नाही."

"अविश्वासी माणूस जवळ आला की झरा आटतो," एइविन म्हणाला.

"बरं. मी अंगणात जाते. एइविन, तुम्ही भिंतीकडे तोंड करा. बोदिल मनाला येईल तेव्हा प्लग लावेल, काढेल. यंत्राला हात न लावता, काटकीवरून सांगा शक्ती आहे की नाही. दहा वेळा."

त्याला नाही म्हणता येईना. मी थंडीत उभी राहिले. मेटाने कागदावर टिपलं. दहापैकी चार बरोबर.

"नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते," मेटा पुटपुटली. एइविनला अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

मग मी प्लग सगळ्यांच्या हातात दिला, शाळेत द्यायची तसा. "यंत्र कुठून आणलंस, बोदिल?"

"सीमेपलीकडून. स्वस्त पडतं. आपण सगळेच आणतो."

"आपल्या सॉकेटला खाली तिसरं भोक असतं. आपल्या प्लगची खीळ त्यात जाते, तेच अर्थिंग. या प्लगला खीळच नाही. याचं अर्थिंग बाजूच्या या पितळी पट्ट्यांना आहे, आणि त्या आपल्या सॉकेटमध्ये कशालाच टेकत नाहीत. प्लग बसतो, यंत्र चालतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. आतली थोडी वीज पत्र्यावर येते. तिला जमिनीत जायला तार मिळाली नाही, की ती तुमच्या अंगातून नळाकडे जाते. त्या मुंग्या. उद्या आत एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर मुंग्या नाही येणार. माणूस जाईल."

एकेकाने बूट घातले.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने योग्य सॉकेट बसवलं. तो गेल्यावर बोदिलने यंत्राच्या दारावर हात ठेवला. थंड स्टील, बस्स.

"थोरा, तुला कधी कळलं होतं?"

"पहिल्या दिवशी."

"तीन आठवडे झाले त्याला."

"हो."

तिने हात काढला आणि बराच वेळ फडक्याला पुसत राहिली. मग म्हणाली, "एइविन बिचारा अडाणी तरी होता."

म्हणून मुलांनो, एवढंच सांगते. यंत्राला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर आधी प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. काटकीवाला पाण्याचा झरा सांगेल, तर त्याला पाठमोरा उभा करून दहा वेळा विचारा. आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर ज्याच्यावर जळता त्यालाही ते त्याच दिवशी सांगा.