राहुकाळाआधीचा एक चेंडू

रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो. त्याआधी सुपारी फुटली तर लग्न ठरलं. नाही फुटली तर पाहुणे अक्कलकोटला परत जाणार, आणि पुन्हा कधी उगवतील ते सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.

महेश्वरीचा सगळा जीव त्या सुपारीत होता. रेवणसिद्धशी तिचं आधीच जुळलं होतं, टॉवेलच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात, आवाज न करता नुसत्या ओठांनी बोलत.

चारला सगळं ठरलंही होतं. हॉल, हळद, पंगतीत शेंगापोळी. चार वाजून पाच मिनिटांनी रेवणसिद्धच्या फोनवर इंग्लंड दौऱ्याचा संघ आला आणि त्या भोळ्यानं तो मोठ्यानं वाचला. चौथा वेगवान गोलंदाज आत, मनगटी फिरकीवाला बाहेर.

"बराबर केलं," त्याचे वडील मल्लिनाथ म्हणाले. "तितं ढगाळ हवा असती. फिरकीवाला काय स्वेटर विणत बसंल?"

महेश्वरीचे वडील राजशेखर सुपारी उचलत होते. त्यांनी ती परत ताटात ठेवली.

"आन पाचव्या दिवशी शेपूट कुणी गुंडाळायचं? तुमचा चौथा तवर मांडीला बर्फ लावून बसंल की."

"फिरकी म्हंजे नशीब हो, व्याही."

"अजून व्याही झालो न्हाय."

मल्लिनाथ टोपी शोधू लागले. रेवणसिद्धनं फोन मांडीखाली लपवला, जणू संघ त्यानंच निवडला होता.

वडिलांचं दुखणं महेश्वरीला माहीत होतं. कॉलेजात ती लेगस्पिन टाकायची. जिल्ह्याच्या संघातून तिला वगळलं तेव्हाही हेच कारण निघालं होतं, चौथी वेगवान हवी. तेव्हापासून कुठलाही फिरकीवाला बाहेर बसला की राजशेखरांना आपलीच लेक बाहेर बसल्यासारखी वाटायची.

भिंतीवर चार वीस झाले होते. तिनं पदर खोचला.

"मामा, नशीब की कला, दारात बघू. एकच चेंडू."

मागावरच्या वाया गेलेल्या सुताचा तिनं वळलेला घट्ट चेंडू कोनाड्यात होता. मोरीतलं धोपटणं झाली बॅट, पाहुण्यांना पाणी दिलेला तांब्या झाला स्टंप. गल्ली गोळा झाली. शेजारची विजयमाला पापड वाळवता वाळवता गच्चीवरून ओरडली, "अगं, सासऱ्याला बाद करतीस व्हय?"

तीच तर पंचाईत होती. दांडी उडवली तर सासरा रुसणार, सोपा टाकला तर बाप. तिनं रेवणसिद्धकडं पाहिलं. कारखान्यातल्यासारखे त्याचे ओठ नुसते हलले: टाक. त्यांना फिरकी कळत न्हाय.

ती तीन पावलं धावली. मनगट असं वळलं, जसं कणसाचे दाणे सोडवताना वळतं. चेंडू हवेत झुलला, उन्हात पांढरा पांढरा. मल्लिनाथ ऐटीत पुढे आले. चेंडूनं भुई चाटली, क्षणभर लाजला आणि त्यांच्या धोपटण्याला वळसा घालून मागं गेला. तांब्या ठणठणत गटारापर्यंत लोळला.

मल्लिनाथांच्या थोरल्या बहिणीनं, सिद्धम्मानं, उंबऱ्यावर बसल्या बसल्या गळा काढला:

"सुताचा चेंडू बाई, वळला दारात,
तांब्यासंगं लवंडला, ताठा आमच्या घरात."

हसता हसता विजयमालेचे दोन पापड खाली आले. मल्लिनाथ काही हसले नाहीत. ते खड्यासारखं काहीतरी भुईवर शोधत होते.

"अक्का, गप. खडा व्हता हितं. पोरी, परत टाक."

"न्हाय, मामा."

"आगं, एक तरी."

"दुसरा चेंडू घरच्या माणसाला. पाहुण्याला एकच."

मल्लिनाथांनी तिच्याकडं पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या घड्याळाकडं. चार अठ्ठावीस.

"राजशेखर, सुपारी आणा. पळा की."

राजशेखर ताटासकट पळत आले. बत्ता शोधायला वेळ नव्हता. मल्लिनाथांनी सुपारी उंबऱ्यावर ठेवली आणि हातातल्या धोपटण्याचा असा फटका हाणला की एक खांड रेवणसिद्धच्या खिशात गेलं, एक विजयमालेच्या पापडांत.

"फुटली," सिद्धम्मा म्हणाली.

"झालो व्याही?" मल्लिनाथांनी विचारलं.

"झालो," राजशेखर म्हणाले आणि गटारातला तांब्या उचलून, धोतरानं पुसून, स्वतःच्या हातानं पुन्हा उभा केला.

मल्लिनाथांनी धोपटणं भुईला टेकवलं. "हां, सूनबाई. टाक आता."