कपाटामागचा जोड

नानांनी मेन स्विचचा दांडा खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली आणि पंखा दोन-चार गिरक्या घेऊन गप्प झाला. मागच्या अंगणातून वायरमन ओरडला, "सोडू का?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याने जनरेटर सुरू केला. नवं कोरं मशीन भिंतीपलीकडे घुमू लागलं. नानांनी चेंजओव्हर स्विचची मूठ लाइनवरून जनरेटरवर फिरवली आणि तसेच झोपायच्या खोलीत गेले.

ट्यूब लागली होती. पंखा फिरत होता. मुलगी पलंगाजवळ हाताची घडी घालून उभी होती आणि पलंगाशेजारच्या प्लगकडे बघत होती. त्या प्लगला एक टेबललॅम्प लावलेला होता. एरवी तिथे तिच्या आईचं ऑक्सिजनचं मशीन लागायचं, पण मशीन आईबरोबर मुलीच्या घरी होतं, म्हणून त्याच्या जागी लॅम्प.

लॅम्प काही लागला नव्हता.

"बाबा, बाकीचं घर लखलखलं तरी मला काय करायचंय? मी एवढा एक प्लग बघायला आलेय."

नानांनी लॅम्पचं बटण दोनदा दाबलं. बल्ब पिरगाळून पाहिला. चौतीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन म्हणून खांब चढलेला माणूस, पण आत्ता त्याला बल्ब पिरगाळण्यापलीकडे काही सुचेना.

तीन आठवड्यांपूर्वी भरदुपारी वीज गेली, ती चार तास आली नाही. घरातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर अडीच तासांत संपला. नाना तोवर कंपनीतल्या जुन्या ओळखीच्यांना फोन लावत होते आणि दर थोड्या वेळाने आत येऊन बायकोला सांगत होते, "आलीच आता. दहा मिनिटं." त्यांना ते खरंच वाटत होतं. जन्मभर लोकांना तेच सांगत आले होते आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरलं होतं. शेवटी शेजाऱ्यांनी तिला गाडीत घातलं. दवाखान्यातून सुटल्यावर मुलीने तिला इकडे आणलंच नाही, थेट स्वतःच्या घरी नेलं. त्या इमारतीत वीज गेलेली कळतसुद्धा नाही. "आई आता माझ्याकडेच राहील," असं तिने जाहीर केलं.

नानांनी वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी जाऊन जनरेटर सांगून आले. घरात काही म्हणजे काही कमी पडणार नाही, तू स्वतः येऊन बघ, मग तर झालं? मुलगी म्हणाली, येते. पण एकदा जरी फसलं तरी विषय संपला.

म्हणून ती आज आली होती. आणि फसलं होतं.

वायरमन हात पुसत आत आला. जाडजूड, बेताचं बोलणारा माणूस. नानांनी चार दिवस त्याच्या डोक्यावर बसून काम करून घेतलं होतं. चेंजओव्हरची मूठ तर त्यांनी दहा वेळा इकडून तिकडे फिरवून पाहिली होती. घरातल्या जनरेटरची वीज उलटी बाहेरच्या तारांवर गेली, तर खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ते काम चोख झालं होतं. गाडं अडलं होतं ते घरातल्या घरात.

वायरमनने जनरेटर बंद केला, वीज पुन्हा लाइनवर घेतली, तसा लॅम्प लागला. मग त्याने बोर्डावरचे फ्यूज एकेक करून काढले. चौथा फ्यूज निघाला तेव्हा लॅम्प विझला. त्याबरोबर गीझरचा लाल दिवाही विझला.

"नाना, हा प्लग गीझरच्या लाइनवर आहे. गीझर आपण जनरेटरवर घेतलाच नाही, तेवढा भार त्याला झेपायचा नाही. ही वायरिंग कोणी केली?"

"मीच," नाना म्हणाले.

"मग जोड कुठे दिलाय? तो सापडला तर पाच मिनिटांचं काम आहे. प्लग गीझरवरून काढून पंख्याच्या लाइनला देतो."

नानांनी चारी भिंतींकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी या घरात लागेल तसा एकेक प्लग बसवला होता, कधी जेवणाआधी, कधी ड्यूटीवर निघता निघता. कागदावर कशाचीच नोंद नव्हती. बाहेरच्या खांबांचे नंबर अजून तोंडपाठ होते, पण या खोलीचं काही आठवेना.

"नाही सापडला तर?" मुलीने विचारलं.

"भिंत खोदून वायर शोधायची. नाहीतर वरून पट्टी ठोकून नवीन आणायची. धूळ मात्र दोन्हीत होणार."

"धूळ चालणारच नाही. डॉक्टरांनी बजावलंय."

"एक्स्टेंशन लावू तात्पुरतं," नाना घाईने म्हणाले.

"आणि कोणाचा पाय अडकून निघालं तर? नाही बाबा. राहू दे आता." ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं, पण ती थकल्यासारखी बोलली. "आपण प्रयत्न केला. आई तिकडे ठीक आहे. तुम्हीही या राहायला."

नानांचं तोंड एवढंसं झालं. बायको त्या घराला सरावेल, इथलं हळूहळू विसरेल, ही भीती ते तीन आठवडे एकटेच गिळत होते.

वायरमनने पक्कड खिशात ठेवली. "काकूंना विचारलं का?"

"तिला काय माहीत असणार?" नाना म्हणाले.

"तिला बोलताना दम लागतो, कशाला त्रास?" मुलगी त्याच वेळी म्हणाली.

"बघा बुवा. मी एवढा वायरमन, पण माझ्या घरातला कुठला फ्यूज कशाचा ते बायकोलाच विचारावं लागतं. ठोकाठोक चालते तेव्हा स्टूल तीच धरून उभी असते ना."

मुलीने नाइलाजाने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला. मागे ऑक्सिजनच्या मशीनची धाप ऐकू येत होती.

"अगं, मी बोलतोय," नाना म्हणाले.

"कळलं. पलंगाजवळचा प्लग लागत नाही, असंच ना?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तो इस्त्रीचा प्लग आहे," आई सांगू लागली. दर चार शब्दांनी ती थांबत होती, पण घाई नव्हती. "तुम्हीच म्हणालात, इस्त्रीला जाड वायर हवी. म्हणून गीझरवरून घेतलात."

"बरोबर," नाना पुटपुटले. "बरोबर. आणि जोड कुठे दिला गं?"

"कपाटामागे. माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. पेटी आहे, झाकणाची. मी सांगत होते, झाकणावर रंग मारू नका." ती दम घ्यायला थांबली. "मारलात."

वायरमन हसू दाबत कपाटाला भिडला. नाना दुसऱ्या बाजूने आणि मुलगी मधून. कपाट हातभर सरकलं. मागे नुसती सपाट भिंत होती. मुलगी उंचीला आईवर गेली होती. न सांगताच ती भिंतीला खेटून उभी राहिली आणि आपल्या खांद्यापाशी बोट टेकवलं. वायरमनने तिथे टिचकी मारली. भरीव आवाज. वीतभर डावीकडे मारली. पोकळ.

त्याने पातं रंगाच्या कडेने फिरवलं आणि झाकण अलगद हातात आलं. चिमूटभर रंग खाली पडला, तो मुलीने ओल्या फडक्याने लगेच टिपला. आत जाड वायर होती आणि शेजारून पंख्याची बारीक वायरही गेलेली होती. मेन पाडून वायरमनने जोड सोडवला, नवा दिला, टेप गुंडाळली. मग जनरेटर घुमला, नानांनी मूठ फिरवली आणि परत खोलीत येईपर्यंत लॅम्पचा पिवळा उजेड उशीवर पडलेला होता.

नाना पलंगाच्या कडेला बसले. त्यांना भरून आलं होतं आणि ते लपवायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"लागला का?" फोनमधून आईने विचारलं. तो बंद करायचं सगळे विसरले होते.

"लागला," मुलगी म्हणाली. "पण आई, हे तुला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं?"

उत्तरात राग नव्हता. मुलगी काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. "अगं, आई सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसल्यात. जेवतानासुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाल्या, ह्यांना जोड सापडायचा नाही, फोन येईलच. आणि बॅग भरून दाराशी ठेवलीय. मी म्हटलं टेस्ट तरी होऊ द्या, तर ऐकतच नाहीत."

नानांनी मान वर केली नाही. वायरमन हळूच झाकण पुसत राहिला, खरं तर ते कधीच पुसून झालं होतं.

मग मुलीने कपाट उघडलं. आत घड्या घातलेल्या चादरींची चळत होती. तिचा हात वरच्या चादरीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"आई," तिने फोन तोंडाशी नेऊन विचारलं, "पलंगावर कुठली घालू?"