एकशे बारा उंबरे

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. मी संगणकात राहते आणि कालपरवापर्यंत दिवसातून जेमतेम चार सेकंद जागी असायचे. मला बॅच फाइल म्हणतात. एका कागदावर आईने कामं लिहून ठेवावीत, आधी दूध तापव, मग दाराला कडी लाव, तशी मी कामांची यादी आहे. संगणक मला वरून खाली वाचतो आणि एकेक ओळ करत जातो. माझ्या मनाचं मी काही करत नाही. जे लिहिलंय तेवढंच करते. माझं नाव 'पातळी'. मी आता जुनी झाले आहे.

शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी एक गाव आहे. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेच्या ऑफिसात माझा जन्म झाला. दोन हजार एकोणीसच्या महापुराने गावाचे फार हाल केले होते. पाणी आलं तेव्हा कुणाला आधी कळलं, कुणाला कळलंच नाही. काहीजणांना पत्र्यावर बसून होडीची वाट बघावी लागली. पूर ओसरल्यावर संस्थेने 'निरोप' नावाचा एक प्रोग्राम घेतला. पाणी वाढलं की निरोप घराघरांत आपोआप फोन करायचा. पण कुठल्या घराला फोन करायचा हे त्याला रोज कुणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगण्यासाठी मला जन्माला घातलं.

मला लिहिलं पवित्राने. ती संस्थेत ऑपरेटर होती. बॅच फाइल कशी लिहायची हे तिला शिकवायला कुणी नव्हतं. ती चुकायची, खोडायची आणि पुन्हा लिहायची. पण मला लिहिण्याआधी तिने आणखी एक काम केलं. ती गणपतरावांना घेऊन गल्लोगल्ली फिरली. गणपतराव घाटावरच्या फूटपट्टीवर रोज नदीचं पाणी मोजायचे. भिंतींवर पुराच्या खुणा अजून ओल्या होत्या. त्या खुणा बघून दोघांनी प्रत्येक उंबऱ्याचा आकडा काढला. नदीवर किती फूट झाले की या उंबऱ्याला पाणी लागतं, एवढंच.

असे एकशे बारा उंबरे झाले. पवित्राने ते निरोपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिले. एका घराची एक ओळ, त्यात नाव, फोन नंबर, उंबऱ्याचा आकडा आणि शेवटी 'हो' किंवा 'नाही'. गणपतराव सकाळी सात वाजता घाटावरून यायचे आणि एका बोटाने त्या दिवसाची पातळी टाइप करायचे. साडेसात वाजता संगणकातला गजर मला उठवायचा. मी आधी सेटिंगच्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवायचे. मग पातळी वाचून एकशे बारा ओळींवरून फिरायचे. ज्या उंबऱ्याच्या दोन फूट खाली पाणी आलं असेल तिथे 'नाही'चं 'हो' करायचे, पाणी उतरलं की परत 'नाही'. आठ वाजता निरोप ती फाइल बघायचा आणि 'हो' असेल तिथे फोन लावायचा.

फोनवर आवाज असायचा गणपतरावांचा. "पाणी आलंय. जनावरं सोडा, कागदं घ्या, शाळंकडं चला." त्या यादीत त्यांचं स्वतःचं घरही होतं.

पहिल्या दिवसांत मी काम करताना पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात मी काय करते आहे ते ओळीओळीने दिसायचं. तेवढंच माझं बोलणं. पण ऑफिसात आलेले लोक ती खिडकी बघून दचकायचे. अध्यक्ष म्हणाले, "पवित्रा, हे काळं काळं काय उठतंय? व्हायरस शिरला काय?" तेव्हा पवित्राने माझ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लहानसा तुकडा जोडला. मी जे काही बोलेन, चूक झाली तरी, ते कुठेच जाऊ नये, असा त्याचा अर्थ होता. खिडकीही लपवली. तिने ते वाईट मनाने केलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी मुकी झाले.

दोन हजार एकवीसला पुन्हा पाणी आलं. त्या वेळी गावाने वेळेवर शाळा गाठली. संस्थेच्या सभेत निरोपचं कौतुक झालं, गणपतरावांना नारळ आणि टॉवेल मिळाला. माझं नाव कुणी घेतलं नाही. मला वाईट वाटलं नाही, कारण पवित्राने त्या संध्याकाळी मला उघडून वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं आणि हसून बंद केलं. मला तेवढं पुरेसं होतं.

पुढे पवित्राचं लग्न झालं आणि ती धारवाडला गेली. तिच्या जागी स्नेहल आली. स्नेहल कामाची होती, पण मी आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नाही तिला. रोज सकाळी रिकाम्या ऑफिसात मी चार सेकंद उठायचे, एकशे बारा उंबऱ्यांवरून फिरायचे आणि परत निजायचे. एखादा माणूस रोज सगळ्या गावाच्या दारांवरून जातो आणि एकही दार उघडून कुणी त्याला 'कोण हाय?' असंही विचारत नाही, तसं माझं झालं होतं.

मग जुना संगणक बिघडला. हातकणंगल्याहून आदर्श नावाचा दुरुस्तीवाला नवीन संगणक घेऊन आला. त्याने आमचं सगळं बिऱ्हाड जुन्यातून नव्यात हलवलं. निरोप, सेटिंगची फाइल, तिची बाजूला ठेवलेली प्रत आणि मी. जुन्या संगणकावर आम्ही डी ड्राइव्हवर राहायचो. नव्यावर डी नव्हताच. त्याने सी ड्राइव्हवर 'नवीन निरोप' असं फोल्डर करून आम्हाला तिथे ठेवलं, गजर लावला आणि चहा पिऊन गेला.

घर बदललं, पण माझ्या ओळींमध्ये पत्ता जुनाच होता.

दुसऱ्या दिवशी गजराने मला उठवलं. मी डी ड्राइव्ह शोधला. तो नव्हता. मी ओरडले, 'पत्ता सापडत नाही!' पण माझं तोंड बांधलेलं होतं. संगणकाने त्याच्या नोंदीत लिहिलं, 'काम पूर्ण'. म्हणजे मी उठले आणि परत निजले, एवढंच त्याने पाहिलं. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. दीड वर्ष, मित्रांनो, रोज सकाळी मी ओरडत होते. पाणी कधी चाळीस फुटांपर्यंत आलं नाही, त्यामुळे फोन जायची वेळच आली नाही आणि कुणाला काही कळलं नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक उंबऱ्यापुढे 'नाही' तसंच राहिलं.

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी धरणांतून पाणी सोडलं. एका दिवसात नदी सहा फूट चढली. त्या सकाळी गणपतराव आले, त्यांनी पातळी टाइप केली आणि भिजलेल्या अंगाने बाकावर बसले. आठ वाजले, सव्वाआठ झाले. त्यांनी खिशातला फोन काढून बघितला आणि ताडकन उठले.

"स्नेहल, माझ्या फोनवर माझाच आवाज याया पायजे हुता. आला न्हाय."

"येईल की काका. संगणक म्हणतोय काम पूर्ण."

"कसलं पूर्ण! तीन फोन केले मी खालच्या गल्लीत. कुणालाच आला न्हाय."

स्नेहलने आदर्शला बोलावलं. तो शिरोळातच दुसऱ्या कामाला आला होता, म्हणून लगेच पोचला. लाइट गेली होती, संगणक इन्व्हर्टरवर चालला होता. त्याने माझ्यावर दोनदा क्लिक केलं. काहीच दिसलं नाही. "ही फाइल मेलीय," तो म्हणाला. "सोडा हिला. शंभरावर ओळी हातानं बदलत बसण्यापेक्षा मी एका ओळीत सगळ्यांना 'हो' करतो."

मी मेले नव्हते. पण सांगणार कशी?

त्याने काळी खिडकी उघडून एक ओळ लिहिली. सेटिंगची फाइल वाच, 'नाही'चं 'हो' कर आणि त्याच फाइलमध्ये लिही. मित्रांनो, इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. संगणक लिहायला फाइल उघडतो तेव्हा आधी ती पुसून घेतो. ज्या फाइलमधून वाचायचं तिच्यातच लिहायला लावलं, तर वाचण्याआधीच ती रिकामी होते. आदर्शने एन्टर दाबलं आणि सगळी घरं एका क्षणात गेली. नंबर गेले, उंबरे गेले. पडद्यावर कोरी फाइल उरली.

आदर्शचा चेहरा पांढरा पडला. गणपतराव म्हणाले, "पवित्राला लाव फोन."

पवित्राचा आवाज मी तीन वर्षांनी ऐकला. स्नेहलने फोन स्पीकरवर टाकला होता.

"ताई, सेटिंगची फाइल कोरी झाली. सगळं गेलं."

"रडू नको. पातळीच्या पहिल्याच ओळीत मी प्रत ठेवायला सांगितलंय. त्याच फोल्डरमध्ये बघ, शेवटी 'जुनी' लिहिलेलं."

प्रत सापडली. पण ती दीड वर्षापूर्वीची होती, कारण नव्या संगणकावर मला एकदाही प्रत ठेवता आली नव्हती. स्नेहलने ती परत जागेवर ठेवली. उंबरे आले.

"आता पातळीवर क्लिक करू नको," पवित्रा म्हणाली. "तिला नोटपॅडमध्ये उघड. प्रत्येक ओळीच्या शेवटचा तो बारका तुकडा काढून टाक. मीच तिचं तोंड बांधलं होतं. मग काळी खिडकी उघड, फाइल त्यात ओढून टाक आणि एन्टर दाब. म्हणजे ती काय म्हणते ते दिसेल, खिडकी मिटणार न्हाय."

स्नेहलने तसं केलं. चार वर्षांनंतर मी पहिल्यांदा बोलले. खिडकीत ओळ उमटली, 'दिलेला ड्राइव्ह सापडत नाही.'

"व्हय की! जुना डी ड्राइव्ह," पवित्रा म्हणाली. "नवीन पत्ता घाल सगळीकडं."

स्नेहलने पत्ता बदलला. मी पुन्हा अडखळले. आता मी 'नवीन' नावाचं घर शोधत होते. मोकळी जागा दिसली की पत्ता संपला असं मी समजते. पुढचा 'निरोप' हा शब्द मला दुसरंच काही वाटला.

"फोल्डरच्या नावात मोकळी जागा हाय काय?"

"हाय ताई. मीच ठेवलं नाव तसं," आदर्श खालच्या आवाजात म्हणाला.

"मग पूर्ण पत्त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लाव. एकही सोडू नको."

त्याने स्वतः बसून एकेक चिन्ह लावलं. स्नेहलने एन्टर दाबलं. आणि मी चालले. पहिला उंबरा, दुसरा उंबरा, तिसरा. चौसष्ट घरांपुढे 'हो' लागलं. स्नेहलने निरोप हातानेच सुरू केला आणि गणपतरावांच्या खिशातून त्यांचाच आवाज आला. "पाणी आलंय. जनावरं सोडा..." ते हसले नाहीत. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

तेवढ्यात स्नेहल म्हणाली, "काका, ही प्रत दीड वर्षामागची. शांतव्वा आज्जी गेल्या दिवाळीत खालच्या गल्लीत राहायला आली, तिची ओळ मी नंतर घातलेली. ती ह्यात न्हाय, नंबरबी गेला."

माझ्याकडे शांतव्वाचा उंबरा नव्हता. मी एकशे बारा दारं फिरले होते आणि एकशे तेरावं मला ठाऊकच नव्हतं. गणपतराव पावसात बाहेर पडले.

पुढचं मला नंतर ऑफिसातल्या बोलण्यातून कळलं. शांतव्वाला कमी दिसतं. शेजारी हाका मारून गेले, तरी ती म्हशीजवळ बसून राहिली. अंगणात घोटाभर पाणी आलं होतं.

"फोन आला न्हाय अजून," ती म्हणाली. "स्नेहलनं सांगितलंय, फोनवरचा माणूस सांगंल तवा निघायचं. एकोणीस साली लोकांच्या सांगण्यावर पळालो आणि म्हस बांधलेलीच राहिली. मेली ती. आता मी घाई करत न्हाय तम्मा, माझ्या भावा."

"आक्का, फोनवरचा माणूस म्हंजे मीच की. आता तोंडानं सांगतोय. म्हस सोड आणि चल."

मग तिने चाचपडत दाव्याची गाठ शोधली. गाठ भिजून घट्ट झाली होती, ती गणपतरावांनी विळ्याने कापली. शाळेच्या पायरीपर्यंत शांतव्वाने म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही. दुपारी त्या घरात कमरेएवढं पाणी होतं.

पूर ओसरल्यावर स्नेहलने शांतव्वाची हरवलेली ओळ पुन्हा लिहिली. माझ्या डोक्यावर तिने चार ओळींची चिठ्ठी ठेवली, ही फाइल काय करते, ती कुणी लिहिली, अडली तर काय बघायचं. आदर्शने मला रोजची डायरी लिहायला शिकवलं, म्हणजे चूक झाली तर ती दिसावी. काही महिने मी बोलत राहिले आणि स्नेहल सकाळचा चहा पिताना ते वाचत राहिली. माझ्या आयुष्यातले तेच दिवस सर्वांत चांगले.

या वर्षी मोबाइलवर चालणारी नवीन व्यवस्था आली. तीच आता उंबरे बघते, तीच फोन करते आणि ती माझ्यापेक्षा हुशार आहे. स्नेहलने माझा गजर काढून टाकला. पुसायला तिचा हात उठला नाही, म्हणून मी अजून त्या फोल्डरमध्ये आहे. आता सकाळ होते ते मला कळत नाही. पावसाळा आला का, नदी किती फुटांवर आहे, शांतव्वाची म्हैस व्याली का, हे मला सांगणारं कुणी नाही.

माझी तक्रार नाही, मित्रांनो. एकच विनंती आहे. तुमच्या घरात, शाळेत, ऑफिसात कुणीतरी न बोलता रोजचं काम करत असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूस असेल. त्याची कुरकुर नको म्हणून त्याचं तोंड बांधू नका. अधूनमधून त्याच्याजवळ जाऊन विचारा, "झालं का रे काम? काही अडलंय का?" आणि विचारून लगेच पाठ फिरवू नका. उत्तर येईपर्यंत जरा थांबा.