डाव्या हाताची मूठ

जुनी वस्तू मिळत असेल तर शशिधररावांनी नवी कधी घेतली नाही. लीड्सच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. कोंड्याचा मांडा करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. रिटायर झाल्यावर त्यांना नेमबाजीचं वेड लागलं. खरं पिस्तूल बाळगायला इथे कायद्याची बंदी, म्हणून क्लबात छर्ऱ्यांची, गॅसवर चालणारी पिस्तुलं. दर रविवारी टेकडीवरच्या चर्च हॉलमध्ये सहा पोलादी चकत्या ओळीने उभ्या करायच्या आणि आठ छर्ऱ्यांत त्या पाडायच्या. हा सगळा खेळ.

बाकीच्यांकडे महागडी यंत्रं. शशिधररावांकडे एका मेंबरने टाकायला काढलेलं पिस्तूल. त्यांनी ते खोलून ट्रिगरचे भाग घासून गुळगुळीत केले, बॉलपेनची स्प्रिंग बसवली, छर्रा सुटताना नळी वर उडू नये म्हणून खाली वजनाला जुन्या नळाचं पितळ लावलं आणि मोडक्या खुर्चीच्या पायातून स्वतःच्या मापाची लाकडी मूठ कोरली. त्या मुठीत त्यांचा उजवा हात असा बसायचा की काय सांगावं. शैलाताई त्याला सवत म्हणायच्या.

मग ऑक्टोबरात पक्षाघाताचा झटका आला. बोलणं वाचलं, चालणंही बरंचसं वाचलं. उजवा हात मात्र रुसला. पिस्तूल डाव्या हातात आलं आणि उजव्या हाताची मूठ तिथे नुसती टोचायला लागली.

"लेफ्ट हँडची ग्रिप या मॉडेलला मिळतच नाही," शशिधरराव म्हणाले. "डिसकंटिन्यू झालंय."

"बाबा, मी नवं पिस्तूल घेऊन देते ना," हॅरोहून लेक उर्वी फोनवर म्हणाली. "बर्थडे प्रेझेंट."

"काही नको. हेच करतो मी."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण एका हाताने लाकूड कोरता येत नव्हतं, आणि हे ते कबूल करणार नव्हते. शैलाताईंनी विषय स्वतःकडे घेतला. त्या चौतीस वर्षं हॉस्पिटलात हँड थेरपिस्ट होत्या. मोडलेल्या, भाजलेल्या, लुळ्या पडलेल्या हातांसाठी आधाराचे स्प्लिंट बनवायच्या. त्या प्लास्टिकचे उरलेले तुकडे विचारून घरी आणलेले होतेच. गरम पाण्यात टाकलं की ते उकडीसारखं मऊ होतं, चार मिनिटांत घट्ट होतं, आणि ज्यावर दाबाल त्याचा आकार धरतं.

पसरट पातेल्यात पाणी तापलं. लाकडी मूठ काढून पिस्तुलाच्या उघड्या दांड्यावर मऊ प्लास्टिक गुंडाळून त्यांनी पिस्तूल नवऱ्याच्या डाव्या हातात दिलं.

"सैल धरा."

"सैलच धरलंय."

बोटांची पेरं पांढरी पडली होती. शैलाताईंना हे नवीन नव्हतं. थेरपिस्ट समोर असला की प्रत्येक पेशंट ताकद दाखवतो. नवरा पेशंट असला की जास्तच. त्या बोलल्या नाहीत, आणि चूक तिथेच झाली. मूठ तयार झाली ती आवळलेल्या हाताची.

रविवारी त्या मुठीने इमानदारीने काम केलं. हातात घेतली की हात आपोआप आवळायचा, ट्रिगर ओढला की पिस्तूल खाली झुकायचं. आठ छर्ऱ्यांत दोन चकत्या पडल्या. क्लबचा सेक्रेटरी कीथ भला माणूस. "अर्ली डेज, शशी," म्हणाला. त्या दयेनेच घात केला.

बाहेर येताच शशिधरराव म्हणाले, "कीथला सांगून टाकतो. पुढच्या रविवारी लीगची मॅच आहे, माझ्या जागी दुसरा घे म्हणावं. पिस्तूल पण देऊन टाकू."

 हे वाक्य शैलाताईंनी शेकडो पेशंटांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यानंतर ती माणसं खिडकीशी बसतात आणि बसूनच राहतात. या माणसाला तसं बसलेलं बघणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

हॉलपासून बस स्टॉपपर्यंत तीव्र उतार. नेहमीप्रमाणे शशिधररावांनी डाव्या हाताने बायकोचं मनगट धरलं.

"इथे ओलं आहे. तू घसरशील," ते म्हणाले. हेही नेहमीप्रमाणेच.

शैलाताईंनी सहज खाली पाहिलं आणि त्या उतारावर थांबल्याच. तीन बोटं मनगटाभोवती, ना घट्ट ना ढिली. अंगठा सरळ. तर्जनी मोकळी, त्यांच्या हातावर लांब पडलेली. पिस्तूल धरायचं ते असंच धरायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चौतीस वर्षं लोकांचे हात तपासले, आणि हिवाळाभर स्वतःच्या मनगटावर असलेला हा हात बघायचा राहून गेला.

"काय झालं?"

"काही नाही. घरी चला, पाणी तापवायचंय."

घरी त्यांनी मऊ प्लास्टिक या वेळी स्वतःच्याच मनगटावर गुंडाळलं, आत पातळ सुती कापड घालून.

"हं, धरा. उताराला धरता तसं."

शशिधररावांनी हात पुढे केला आणि पुन्हा पेरं पांढरी.

"असं नाही. मी घसरणार आहे असं समजून धरू नका."

 प्लास्टिक गार व्हायला लागलं होतं. शशिधरराव टेबलाकडे बघत होते.

"मीच घसरतो, शैला," ते शेवटी म्हणाले. "तुला माहीत होतं?"

"नोव्हेंबरपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझी काळजी घेत होता ना. छान वाटत होतं."

ते हसले, आणि हसता हसता हात सैल पडला. शैलाताईंनी पटकन प्लास्टिक पुन्हा पाण्यात बुडवून गुंडाळलं. शशिधररावांनी धरलं. सहा मिनिटं दोघं तशीच बसून राहिली. खरं तर चारच पुरली असती.

साचा कापून काढला, दांड्यावर चढवला. मनगट आणि दांडा, दोन्ही चपटी. फरक जेमतेम अर्ध्या बोटाचा. ती पोकळी शशिधररावांनी खिडकीच्या काचांना लावतात त्या लांबीने भरली, डाव्या हाताने, हळूहळू, तीन दिवस लावून. दिसायला ती मूठ भयंकर होती.

रविवारी लीगच्या मॅचला कीथने स्टॉपवॉच लावलं. पहिली चकती पडली, दुसरी पडली, तिसरीला छर्रा चुकला. शैलाताईंनी थर्मासचं झाकण नुसतंच हातात धरून ठेवलं. तिसरी पडली, चौथी, पाचवी. सातवा छर्रा गेला, शेवटची चकती उभीच. शशिधररावांनी श्वास सोडला. त्यांची पेरं गुलाबी होती, आणि ते पाहून शैलाताईंनी चहा ओतला. टणकन आवाज झाला तेव्हा त्या चकतीकडे बघतही नव्हत्या.

वेळ म्हणाल तर सगळ्यात जास्त लागला होता. पण सहाही आडव्या होत्या. कीथने ते पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं.

"हू मेक्स दिस ग्रिप?"

"इट्स माय वाइफ्स रिस्ट," शशिधरराव म्हणाले. कीथला काही कळलं नाही, आणि त्यांनी समजावलंही नाही.

दाराशी सगळे मेंबर कोट चढवत उभे होते. बाहेर पाऊस पडून उतार चकाकत होता. शशिधरराव उंबऱ्यावर थांबले आणि सगळ्यांसमोर त्यांनी डावा हात पुढे केला.

"शैला, हात दे गं. मी घसरेन."

शैलाताईंनी थर्मास दुसऱ्या हातात घेतला आणि मनगट पुढे केलं.